टर्बोची खोड

आमच्या गल्लीत कोणीही जुने वाहन विकत आणले, म्हणजे ते खऱ्या अर्थाने त्याच्या मालकीचे होण्यास तीन गोष्टी लागत असत: नोंदणी पुस्तकात नावाची बदली, चालू विम्याचा कागद आणि शेषराव गावंडे यांची मान होकारार्थी हलणे. पैकी पहिल्या दोन बाबी चिकाटीने साध्य होतात. तिसरीविषयी मी, अमरावतीच्या तहसील कचेरीसमोर अर्ध्याहून अधिक आयुष्य अर्जनवीस म्हणून बसलेला मनुष्य, खात्रीपूर्वक नमूद करतो की, तिला ओळख, शिफारस वा विनंती-अर्ज यांपैकी काहीही चालत नसे.

शेषराव हे पशुसंवर्धन खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. पर्यवेक्षक म्हणजे डॉक्टर नव्हे, हा भेद मला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक होता. तथापि गल्लीने त्यांना डॉक्टरसाहेब म्हटले आणि त्यांनी त्यास हरकत घेतली नाही. उंच, वाळकी अंगकाठी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि उजवा हात सदैव किंचित पुढे काढलेला, जणू समोर येईल त्याच्या पाठीवर तो ठेवावयाचाच आहे. आणि ते खरोखरच ठेवीत. पाहुणा आला, हात पाहुण्याच्या पाठीवर. शेजारी फ्रिज आला, हात फ्रिजच्या पाठीवर. माझ्या साडूंच्या पाठीवरून त्यांनी एकदा तसाच हात फिरविला आणि "खानं कमी करा, चालनं वाढवा," असे सर्वांसमक्ष सांगितले. साडू अद्याप आमच्याकडे मोकळेपणाने येत नाहीत.

शेषरावांनी आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालविले नाही. मोटारीचे इंजिन कोणत्या बाजूस असते याविषयीही त्यांचे मत प्रसंगानुसार बदलत असे. परंतु त्यांचे म्हणणे असे, की तपासणाऱ्याला चालविता आलेच पाहिजे असे कोठे आहे?

"मी चाळीस गावचे बैल तपासले, मुनशी," ते मला म्हणत, "एकाबी बैलावर बसलो नाई."

माझा व्यवसाय लक्षात घेऊन ते मला मुनशी म्हणत. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले असले तरी पुढील शिक्षण कचेरीच्या आवारात झाले, आणि त्या आवाराने मला जे दिले ते महाविद्यालयाने दिले नसते. हे शेषराव जाणून होते. मात्र जाणून असल्याचे ते कधी दाखवीत नसत.

माझी स्कूटर त्यांच्या परीक्षेस उभी राहिली तो प्रसंग येथे सांगणे क्रमप्राप्त आहे. ती मी धामणगाव रेल्वेच्या एका धान्य व्यापाऱ्याकडून घेतली होती. विक्रीचा करारनामा मी स्वतः लिहिला होता आणि तो इतका काटेकोर होता की सही करण्यापूर्वी विक्रेत्याने दोनदा पाणी मागितले. शेषरावांनी करारनाम्याकडे पाहिलेसुद्धा नाही. स्कूटरभोवती डावीकडून एक फेरी मारली, सीटवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

"मुनशी, हे बसकं हाये."

"म्हणजे काय, डॉक्टरसाहेब?"

"म्हंजे चालता चालता बसन. आन् बसलं का मारून उठनार नाई, ओढून उठनार नाई. मन होईन तवाच उठन."

"करारनाम्यात 'वाहन सुस्थितीत आहे' असा स्पष्ट उल्लेख आहे."

"मंग तिले वाचून दाखव ना बापा तुह्या करारनामा."

त्याच आठवड्यात ती स्कूटर राजापेठेच्या चौकात, ऐन वाहतुकीत, बसली. मी किक मारल्या, ढकलली, आजूबाजूच्या लोकांनी सूचना केल्या; ती हलली नाही. मी हताश होऊन पानाच्या ठेल्यापाशी उभा राहिलो आणि परत आलो, तो पहिल्या किकेत सुरू. पुढे कित्येक वर्षे ती माझ्याजवळ होती. शहरातील एकाही मिस्त्रीला तिच्यात दोष सापडला नाही.

"आजार असता त सापडला असता," शेषराव म्हणत. "हे खोड हाये."

हाच त्यांच्या शास्त्राचा पाया. खोड हा शब्द आपण लहान मुलांच्या बाबतीत सहज वापरतो. बैलबाजारात त्याला कायद्याचे वजन आहे. लंगडणे हा आजार, पण औताला जुंपल्याबरोबर बसणे ही खोड. डोळ्यातून पाणी येणे हा आजार, पण लाल पागोटे दिसताच शिंग उगारणे ही खोड. बाजारात दोघांमध्ये तंटा झाला, की शेषरावांना बोलावणे येई, आणि ते जनावराच्या पाठीवर हात ठेवून दोनच शब्दांपैकी एक उच्चारीत. त्यावर अपील नसे.

"आजाराले दवा हाये," असे ते समजावून सांगत, "खोडीले फक्त धनी हाये."

त्यांचा निवाडा नेहमीच बरोबर ठरे असे मात्र कोणी समजू नये. आमचे शेजारी सरोदे सर, गणिताचे शिक्षक, यांनी बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली तेव्हाची गोष्ट. शेषरावांनी फेरी मारली, हात ठेवला आणि म्हणाले, "चालू करा."

"चालूच आहे, डॉक्टरसाहेब."

शेषरावांनी टोपी सरकवून कान लावला. मग दुसऱ्या बाजूने लावला. बराच वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा त्यांची मुद्रा अत्यंत गंभीर होती. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, सांगाले लय वाईट वाटते. पन हे गेलेलं हाये."

सरांनी मूठ पिळली आणि स्कूटर जराही आवाज न करता गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन वळून परत आली. शेषरावांनी तोवर मृताच्या सन्मानार्थ टोपी हातात घेतलेली होती. ती त्यांनी सावकाश डोक्यावर ठेवली.

"जे मेल्यावरबी पयते," ते म्हणाले, "त्याची जबाबदारी मी घेत नाई."

अशा या माणसाला एका उन्हाळ्यात घराच्या पायरीवर घेरी आली. पत्नी फार पूर्वी निवर्तलेली. घरात दुसरे कोणी नाही. सरोदे सरांनी आणि मी त्यांना उचलून खाटेवर ठेवले. शुद्धीवर येताच त्यांनी आमच्या दोघांची नाडी पाहिली आणि सरांची जलद असल्याचे सांगितले. परंतु बातमी अकोल्याला पोहोचायची ती पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची कन्या वैशाली येऊन थडकली.

वैशाली ही त्यांची एकुलती एक. आई लवकर गेल्यामुळे तिचे बालपण बापाच्या सायकलीच्या दांडीवर आणि बैलबाजारातील लिंबांखाली गेले. आता ती बार्शीटाकळीच्या शाळेत शिक्षिका असून राहण्यास अकोल्यात आहे. बोलणे बापासारखेच रोखठोक.

"बाबा, आता अती, या घरात, एकटं राहाचं नाई. अकोल्याले चला."

"अकोल्यात काय हाये?"

"मी हाये."

 यावर शेषरावांनी दळणवळणाचा मुद्दा काढला.

"येऊ कशानं? एसटी मले लागते."

वस्तुतः या गृहस्थाची सारी नोकरी एसटीत गेली होती. चांदूर बाजारची शेवटची गाडी त्यांच्यासाठी थांबत असे.

"रेल्वेनं चला मंग."

"बडनेऱ्याच्या जिन्यानं माह्ये गुडघे जातात."

"टॅक्सी करतो."

"अनोळखी मानसाच्या गाडीत मी बसत नाई. तिची खोड मले कोन सांगन?" येथवर येऊन ते थांबले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर बिनतोड युक्ती सुचलेल्या माणसाचे समाधान पसरले. "हां, एक करता येते. तुह्यी सोताची गाडी असन, आन् मी तपासल्यावर तिच्यात खोड नाई निंगाली, त तिच्यात बसून येतो. मंग एक शब्द बोलनार नाई. हे मुनशी आन् मास्तर साक्षीले हायेत."

वैशालीला गाडी चालविता येत नव्हती. तिच्या यजमानांची एक मोटारसायकल होती. त्यामुळे शेषरावांनी प्रकरण निकाली निघाले असे समजून चहा मागितला. मी अनेक पक्षकारांना बजावीत आलो आहे की, जी अट कधीच पुरी होणार नाही असे आपणास वाटते, ती साक्षीदारांसमोर घालू नये. शेषरावांनी माझा सल्ला घेतला नव्हता.

दिवाळी झाली आणि एका शनिवारी सायंकाळी गल्लीच्या तोंडाशी एक करड्या रंगाची गाडी आली, दोनदा बंद पडली, कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीला वंदन करण्याइतकी जवळ गेली, आणि अखेर शेषरावांच्या दारात उभी राहिली. आतून वैशाली उतरली. घामाघूम, पण मान ताठ. मधल्या काळात ती गाडी शिकली होती, परवाना काढला होता, आणि अकोल्याच्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून ही घेतली होती. बोली अशी की, सोमवारपर्यंत काही निघाले तर गाडी परत.

"घ्या बाबा. तपासा. खोड निंगाली त उद्या गाडी वापस आन् तुमी अती. नाई निंगाली त उद्या दुपारी बसाचं."

शेषराव पायरीवरून उठले. त्यांचा हात सवयीप्रमाणे पुढे गेला, आणि गाडीला न लावता त्यांनी तो मागे घेतला.

"आज नाई. रातभर बांधून ठेव."

"कावून?"

"अकोल्याहून पयत आलेलं जनावर हाये. आंग गरम हाये त्याचं. लंगडा बैल बाजारात आनाच्या पयले दोन कोस पयवून आनला का लंगड दिसत नाई. थंडा झाला का दिसते. सकाळी पाहू."

मी त्या रात्री माझ्या पत्नीला म्हणालो की, डॉक्टर दोष काढणारच. ती म्हणाली, "नाई काढला त?" मी तिला सांगितले की, असे होणे संभवत नाही, परंतु त्यानंतर मला झोप लवकर लागली नाही. त्यांच्याशिवाय या गल्लीची मी कल्पना केलेली नव्हती.

रविवारी सकाळी शेषराव नोकरीतला खाकी कोट घालून बाहेर आले. गल्ली जमली होतीच. मला पंच नेमण्यात आले. कागदपत्रे मी तपासली आणि ती निर्दोष असल्याचे जाहीर केले: मूळ मालकाच्या कर्जाचा बोजा उतरविलेला, विमा चालू, चेसिसचा क्रमांक जुळता. माझा हा अहवाल शेषरावांनी डास उडवावा तसा उडविला.

"कागद कोन पाह्यते? कातडं पाहा."

त्यांनी प्रथम टायर पाहिले. टायरच्या कडेवर तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, हे त्यांना कोणी तरी सांगितले होते, आणि त्यास ते दात म्हणत. वाकून, चष्मा पुसून त्यांनी चारही दात मोजले.

"मांगचा उजवा दात दुसऱ्याच तोंडातला हाये!"

"मालूम हाये," वैशाली म्हणाली. "खिळा घुसला होता त्यात. नवा टाकला."

मग त्यांनी दारे, पत्रे बोटाच्या पेराने वाजवीत एक फेरी केली. पुढच्या डाव्या पत्र्यावर आवाज बदलला.

"अती शिंग तासलं हाये!" म्हाताऱ्या बैलाची शिंगे तासून, रंगवून त्याला तरणा करतात, त्यातला हा शब्द. "रंग नवा हाये अती."

"गेटाले घासली होती. त्यानं सांगतलं मले."

पायपुसणी उचलून त्यांनी खालचा गालिचा हुंगला. पुरात बुडालेली गाडी वासावरून ओळखू येते, हे अनुमान अयोग्य म्हणता येणार नाही. गालिच्यातून पुराऐवजी फुटाण्यांचा वास आला. इंजिनातील तेलाची पट्टी ओढून त्यांनी तेल दोन बोटांत चोळले, सूर्याकडे धरले, आणि जिभेला लावणार तोच वैशाली ओरडली, "बाबा!"

"आमी मूतबी चाखून पाह्यलेलं हाये," ते रागाने म्हणाले. "त्यातूनच समजते."

जमलेल्या स्त्रिया घरात गेल्या. यानंतर गाडी चालू करण्याचा हुकूम झाला. रात्रभर थंड झालेली गाडी किल्ली फिरविताच चालू झाली. शेषराव मागे गेले, माझ्या खिशातील धुतलेला रुमाल त्यांनी काढून घेतला आणि धुराच्या नळीसमोर धरला. धूर निळा असेल तर गाडी तेल पिते, असे ते म्हणाले. रुमाल निळा झाला नाही. मात्र तो रुमालही राहिला नाही.

तेथे वाकलेले असताना त्यांना मागील दारावरील अक्षरे दिसली.

"हे काय लिवलं हाये? टर्बो?"

"बाबा, हिचा जो धूर निंगते ना, तो वाया नाई जात," वैशाली शाळेत शिकवावे तशी सांगू लागली. "त्या धुरानं एक पंखा फिरते. थो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबते. मंग लहान इंजिन मोठ्यासारखं वढते."

शेषराव त्या नळीत वाकून पाहू लागले. शत्रूच्या घरी आपलाच नातलग निघावा तसे त्यांचे झाले.

"म्हंजे एकडाव खाल्लेलं परत कामाले लावते," ते हळूच म्हणाले. "हे त रवंथ हाये, मुनशी."

परंतु लगेच सावरून त्यांनी चढाची मागणी केली. सपाटीवर कोणीही चालते. खरे जनावर चढावर समजते. म्हणून शेषराव पुढे, मी मागे, आणि वैशाली स्टिअरिंगवर, असे आम्ही पोहऱ्याच्या जंगलाकडील रस्त्याला लागलो. पट्टा लावण्यावरून वाद झाला. "मले कावून जुंपून राह्यली?" असे त्यांनी विचारले. चढ आला. वैशालीने पाय दाबला आणि पुढच्या बाजूने शूऽऽ असा आवाज सुरू झाला, जसा कुकरच्या झाकणातून वाफ निसटताना येतो. गाडीचा दम गेला. एक उसाची ट्रॉली आम्हास मागे टाकून गेली. ट्रॉलीवरील मनुष्याने आमच्याकडे सहानुभूतीने पाहिले.

"थांबव!" शेषराव म्हणाले. त्यांचा आवाज तिशीतल्या माणसाचा झाला होता. "थांबव, थांबव. ऐकलं, मुनशी? दमेकरी हाये. चढावर दम सोडते. खोड निंगाली!"

वैशालीने गाडी कडेला घेतली.  स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत राहिली आणि तिचे ओठ आवळलेले होते. तो चेहरा मी पाहिला, आणि शेषरावांनीही पाहिला असावा. कारण त्यांचा आनंद एकाएकी ओसरला.

"दाखवून घेऊ मिस्त्रीले," ते पुटपुटले. "तपासनी अर्धी सोडू नये."

परतीच्या वाटेवर रफिकभाई नावाचा एक मिस्त्री बसे. रविवार असूनही त्याने बॉनेट उघडले, वैशालीला इंजिनाचा वेग वाढवायला सांगितले, हात घातला आणि हसला.

"डॉक्टरसाब, कुछ नहीं है. हवेच्या पाइपाचा कडा, हा क्लॅम्प, ढिला झाला. पंखा हवा भरून राह्यला आन् हवा बाहेर निंगून राह्यली. कसून देतो." आणि चहा येईपर्यंत त्याने तो कसला.

आता प्रश्न उपस्थित झाला. शेषराव माझ्याकडे बघेनात.

"डॉक्टरसाहेब," मी पंच या नात्याने विचारले, "याला दवा मिळाली. मग हा आजार की खोड?"

"आजार," ते नाइलाजाने म्हणाले. आणि ताबडतोब, "पन परत चढ पाहा लागन. बरा झालेला आजार पाहा लागते. मिया, तूबी बस गाडीत."

रफिकभाई चहाचा ग्लास हातात घेऊनच माझ्याशेजारी बसला. पुन्हा तोच चढ. या वेळी शू नव्हते. गाडी वरच्या गिअरमध्ये सावकाश चालली होती. शेषराव म्हणाले, "दाब." वैशालीने दाबले. काही झाले नाही. शेषराव माझ्याकडे वळून काही बोलणार, इतक्यात गाडीने एकाएकी अशी उसळी घेतली की त्यांची टोपी उडून माझ्या मांडीवर आली आणि रफिकभाईचा चहा त्याच्या सदऱ्यावर.

"हे!" शेषराव ओरडले. "हे काय होतं? दाबलं तवा उभी राह्यली, आन् मंग आंगात आल्यावानी पयाली! मिया, हे दुरुस्त होते का?"

"नहीं साब. टर्बोच्या पंख्याले वेग घ्याले टाइम लागते. कमीजास्त सगळ्याच टर्बोत असते." रफिकभाईने सदरा झटकला. "ये बीमारी नहीं है. ये उसकी आदत है."

"आदत!" शेषरावांनी बसल्या जागी मांडीवर थाप मारली. "लिवून घे, मुनशी! मानूस माह्या नाई, गाडीचा जानकार हाये, आन् थो सोताच्या तोंडानं म्हंते का दवा नाई, आदत हाये. खोड! वैशू, गाडी उद्या वापस."

वैशालीने गाडी रस्त्याच्या कडेला एका तुरीच्या शेताजवळ उभी केली. लगेच बंद केली नाही; टर्बोच्या गाडीला चढानंतर थोडा श्वास घेऊ द्यावा लागतो, असे तिला विक्रेत्याने सांगितले होते. इंजिन तसेच हलके चालू होते. मग तिने किल्ली फिरविली आणि बापाकडे तोंड केले.

"बाबा, एक सांगा. लपवलेली खोड का सांगतलेली खोड?"

शेषरावांचा हात मांडीवरच राहिला.

ज्यांना बाजाराचा रिवाज ठाऊक नाही त्यांच्याकरिता खुलासा करतो. विकणाऱ्याने खोड लपविली तर सौदा मोडतो, जनावर परत जाते. पण त्याने ती तोंडाने सांगितली, आणि घेणाऱ्याने ऐकून घेतली, तर ते जनावर घेणाऱ्याचे. मग ते बसो की मारो. शेषरावांनी आयुष्यभर याच रिवाजावर तंटे तोडले होते, आणि ते तोडताना एक परकर नेसलेली मुलगी शेजारी लिंबाखाली फुटाणे खात बसलेली असे.

"त्यानं मले पयलेच सांगतलं होतं," वैशाली म्हणाली. "ताई, हे दाबल्यावर जराशी थांबते, मंग एकदम पयते. चालन का? मी म्हनलं, चालते. मले आदत हाये. माह्या बाप असाच हाये."

रफिकभाई मोठ्याने हसला, आणि मग कोणीच हसत नाही असे पाहून खोकला.

"तोंडानं सांगतलं होतं?" शेषरावांनी विचारले.

"तोंडानं."

"साक्षीले कोन होतं?"

"तुमचे जवाई."

"जवाई साक्षीले चालते का, मुनशी?"

तिघेही माझ्याकडे पाहू लागले. माझ्या व्यवसायात मी असंख्य निकालांची वाट पाहिली आहे. निकाल देण्याची पाळी त्या तुरीच्या शेताजवळ प्रथमच आली. एक शब्द बोललो असतो तर संध्याकाळी शेषराव नेहमीप्रमाणे पायरीवर दिसले असते. मी वैशालीकडे पाहिले. तिने मला खूण केली नाही, काकुळतीला आली नाही. एवढेच म्हणाली, "काका, परत पडले त उचलाले तुमी असानच असं नाई ना."

"चालतो," मी म्हणालो. "जावयाचा हितसंबंध आहे, परंतु साक्ष ग्राह्य आहे."

शेषरावांनी माझ्या हातातून टोपी घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली.

"तुह्या करारनाम्यावर मी कधीच भरोसा ठेवला नाई, मुनशी," ते म्हणाले, "पन तू मानूस चांगला होता." यातील 'होता' हा शब्द मला अद्याप पुरता कळलेला नाही. त्यानंतर, शब्द दिल्याप्रमाणे, ते जाण्याविरुद्ध एक अक्षर बोलले नाहीत.

दुपारी त्यांचे सामान निघाले: एक ट्रंक, एक घोंगडी, सायकलीचा पंप. सायकल सरोदे सरांना दिली. पंप का नेत आहेत असे विचारण्याचे धाडस कोणाला झाले नाही. गल्लीतील प्रत्येकाच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. सरोदे सरांच्या बॅटरीच्या स्कूटरवरही ठेवला, आणि काही क्षण वाट पाहिली. मला बडनेऱ्याला काम असल्याचे सांगून मी मागच्या जागेवर बसलो. काम नव्हते.

ते मला शेवटचे दिसले ते बडनेऱ्याच्या नाक्यावर. पुढे अकोल्याहून त्यांचा आवाज फोनवर ऐकू येत असे. प्रत्यक्ष भेट राहून गेली ती राहूनच गेली. नाक्यावर मी उतरलो, निरोप झाला, आणि वैशाली यजमानांसाठी संत्री घ्यायला गाडीपासून लांब, हातगाड्यांच्या रांगेकडे गेली. मी रस्ता ओलांडून चहाच्या टपरीपाशी थांबलो होतो. मी गेलो असे त्यांना वाटले असावे. त्यांनी पट्ट्याशी झगडून दार उघडले, खाली उतरले, आणि गाडीच्या समोर जाऊन उभे राहिले. इकडे तिकडे पाहिले. मग उजवा हात बॉनेटवर ठेवून वाकले आणि दोन दिव्यांच्या मधोमध, अगदी जवळ तोंड नेऊन, बैलाला सावकाश चालण्यास समजवावे तसे बोलले. त्याच क्षणी रस्ता मोकळा होता, म्हणून मला ऐकू आले.

"हयूहयू चाल बापा. पोट्टी नवी हाये."

वैशाली पिशवी घेऊन परतली तेव्हा ते आत बसून पट्टा लावून समोर पाहत होते.

"इतका टाइम कावून लावते?" ते तिच्यावर ओरडले. "अकोला दूर हाये."